फिर्यादीकडून कोण?

माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान मराठवाड्यातल्या एका जिल्हा कोर्टाच्या गेटासमोर आहे. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात आणि ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांना मी काही विचारलेलं नाही, म्हणून खाणाखुणा पण थोड्या बदलल्यात. तसं कोर्ट सगळीकडं सारखंच असतं. कडुलिंबाखाली टेबल टाकून बसलेले नोटरी, स्टॅम्पवाल्यापुढची लाईन, अकरा वाजता पुकाऱ्याची घाई आणि जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की ठेच्याचा वास.

दुकानात बसून कोण कुठल्या बाजूचा ते न विचारता कळतं. आरोपीकडचे लोक घोळक्यानं येतात, सोबत एखादा पुढारी टाईप माणूस, वकील अगोदरच ठरलेला, जामीनदाराचा सातबारा, सॉल्व्हन्सी, आधार सगळं एका फाईलीत लावलेलं, चहाची ऑर्डर पण तेच देतात. फिर्यादी एकटा येतो नाहीतर सोबत एखादा मामा किंवा मेहुणा, हातात मेडिकलवाल्याची कॅरीबॅग आणि तिच्यात घडी घालून घालून मधोमध फाटलेली एफआयआरची कॉपी. ती काचेवर ठेवताना दोन्ही तुकडे जुळवून धरावे लागतात, तरी मधली ओळ जातेच. आणि ह्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, “दादा, आमचा वकील कुठं बसतो?”

आता ह्याला उत्तर काय द्यायचं. तुमचा म्हणून वकील ह्या केसमध्ये नसतोच, हे तोंडावर सांगायला जड जातं. केस असते महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक. ज्याचं डोकं फुटलं, जिची पोरगी गेली, ते ह्या भांडणात पार्टी नाहीत, ते साक्षीदार. सरकारी वकील सरकारचा. तो चांगला असला, मन लावून केस चालवली तर तुमचं भलंच होतं, पण त्याचं अशील तुम्ही नाही. तुम्हाला विचारून तो काही करायला बांधील नाही, आणि तुम्ही त्याला बदलू पण शकत नाही.

एक म्हातारी माय होती, पोराचा खून झालेला. साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात सरकारी वकील फाईल घेऊन तिच्याजवळ आले आणि विचारू लागले की मावशी त्या रात्री गल्लीत लाईट होती का, तुम्ही कुठं उभ्या होता. तर ही तोंडच उघडेना. तिला वाटलं काळा कोट म्हणजे पलीकडचाच असणार. पैरवीचे जमादार, म्हणजे कोर्टातल्या केसेसचं काम बघणारे पोलीस, म्हणले, अहो मावशी बोला की, हे आपल्याच बाजूचे आहेत. ती म्हणली, “मग इतके दिस कुठं होते?”

वकीलसाहेब काही बोलले नाहीत, घड्याळ बघून दुसऱ्या साक्षीदाराला शोधायला गेले. मी त्यांना दोष देणार नाही, त्यांच्या बोर्डावर त्या दिवशी ढीगभर केसेस होत्या आणि चार्जशीट हातात आल्याशिवाय त्यांना तरी केस कुठून कळणार. फिर्यादीला अगोदर बोलवून बसवून समजून घ्यायची सिस्टीमच नाही, समन्स पोचवायचं काम पैरवीच्या पोलिसाचं, आणि मोर्चा नाहीतर गणपतीच्या बंदोबस्ताला त्याला पाठवलं की तेही राहिलं. मग साक्षीदार आलाच नाही म्हणून तारीख, आला तर साहेब रजेवर म्हणून तारीख. साक्षीदाराला येण्याजाण्याचा भत्ता मिळायची सोय कायद्यात आहे, तो मागणारा मी फार क्वचित बघितला. लोकांना वाटतं आपण आपल्याच कामाला आलोय, पैसे कसले मागायचे.

बरं कायद्यानं ह्या माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडलंय असं पण नाही. २००८ मध्ये सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची त्या कायद्यात, दुरुस्ती झाली, ती ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली, आणि तिच्यात पहिल्यांदा गुन्ह्यात ज्याचं नुकसान झालं त्याला वेगळी जागा मिळाली. स्वतःचा वकील लावता येतो, सरकारी वकिलाच्या मदतीला. आरोपी सुटला तर स्वतः अपील करता येतं, सरकारनं अपील केलं नाही तरी. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं मल्लिकार्जुन कोडगली केसमध्ये सांगितलं की ह्या अपिलासाठी वेगळी परवानगी मागायची पण गरज नाही. सेशन कोर्टातून आरोपी सुटला तर आपल्याकडच्या माणसाला संभाजीनगरच्या खंडपीठात जायचंय, तिथं हायकोर्टाची विधी सेवा उपसमिती आहे, फुकट वकील ती देते. हे माहीत असणारा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधावा लागेल.

पण स्वतःचा वकील लावता येतो म्हणजे काय, तर तो उभा राहून उलटतपासणी करू शकत नाही. २०१९ च्या रेखा मुरारका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तेच पक्कं केलं, बाजू चालवायची ती सरकारी वकिलानंच, तुमच्या वकिलानं त्याला मुद्दे सुचवायचे आणि शेवटी कोर्टाच्या परवानगीनं लेखी म्हणणं द्यायचं. त्याच्यामागचं कारण मला पटतं, दोन-दोन वकील आरोपीच्या अंगावर सोडले तर तो न्याय नाही होणार, बदला होईल. पण फिर्यादीच्या जागी बसून बघा, आपल्याच घरच्या लग्नात पाहुणा म्हणून मागच्या रांगेत बसवल्यासारखं ते वाटतं.

तर मग फिर्यादीचं म्हणून एखादं सरकारी ऑफिस आहे का? आहे. आमच्या कोर्टाच्या आवारातच, मागच्या बाजूला, सायकल स्टँड ओलांडून गेलं की. बोर्ड आहे ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’. लोकं तो बोर्ड वाचतात आणि पुढं जातात, त्यांना ते लोकअदालतीचं ऑफिस वाटतं. चेक बाऊन्स, लाईट बिल, बँकेची थकबाकी ह्याच्या नोटिसा तिथून येतात ना, मग खुनाच्या केसवाला तिथं कशाला जाईल. १९८७ चा कायदा, चालू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश आणि रोजचं काम बघायला सचिव, ते पण न्यायाधीशच. बाईमाणूस, लहान लेकरू, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, ह्यांना मोफत वकील मिळताना कमाई बघत नाहीत. अर्जाला फी नाही. मी स्वतः असले अर्ज टाईप करतो, साध्या ए-फोर कागदावर.

इथं एक गोष्ट मला खटकते, ती लिहूनच टाकतो. ह्याच प्राधिकरणाच्या हाताखाली २०२२ च्या योजनेतून लोक अभिरक्षक कार्यालय सुरू झालं. पूर्णवेळ नेमलेले वकील, त्यांना बसायला ऑफिस, मदतीला स्टाफ. काम एकच, ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीची केस चालवायची. चांगलीच गोष्ट आहे, गरीब आरोपीचे हाल मी समोरून बघितलेत, वकील नाही म्हणून किरकोळ चोरीत महिनोन्‌महिने आत राहिलेली पोरं असतात. त्यांच्या ताटातलं काढा असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्याच व्हरांड्यातून फिर्यादी येतो तेव्हा त्याच्यासाठी पूर्णवेळ असं कुणी बसलेलं नसतं, त्याला पॅनेलवरचा वकील नेमून देतात, तो त्याची बाकीची प्रॅक्टिस सांभाळून जमेल तसा येणार. आरोपीला अटक केली की चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करतात आणि तिथंच विचारतात वकील आहे का. फिर्यादीला हा प्रश्न कुणी, कुठं, कधी विचारायचा हेच ठरलेलं नाही. त्याला तो मला विचारावा लागतो, झेरॉक्सवाल्याला.

आता नुकसानभरपाईचं. ह्यात गावाकडं इतके गैरसमज आहेत की विचारू नका. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे आरोपीला शिक्षा झाली तरच पैसे.

एक माणूस आला होता दुकानात, भावाच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला. भाऊ शेतातल्या आखाड्यावर राखणीला झोपलेला, सकाळी मेलेला सापडला, डोक्यात घाव. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सोबत भावजय, वय पंचविशीच्या आतबाहेर, दोन लेकरं आईपाशी ठेवून आलेली. मी आपलं विचारलं की भरपाईचा अर्ज केला का, तर म्हणला, “कशाचा अर्ज? आरोपी घावल्याबिगर काई मिळत नसतंय, सरपंचानं सांगितलंय.” सरपंचाचं सोडा, वकिलांमध्ये पण असं सांगणारे आहेत. कायद्यात स्पष्ट लिहिलंय, जुन्या सीआरपीसीचं कलम ३५७-अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९६, की गुन्हेगार सापडला नाही, ओळखू आला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी ज्याचं नुकसान झालं तो किंवा त्याच्यावर अवलंबून असणारे लोक थेट विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करू शकतात. आरोपी निर्दोष सुटला तरी कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं. पैसे आरोपी देत नाही, राज्य सरकार देतं. प्राधिकरणानं चौकशी दोन महिन्यांत उरकायची असं पण त्याच कलमात आहे.

दोघांना मागच्या ऑफिसात पाठवलं. तिथल्या मॅडमनी कागदाची यादी दिली, एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, वारसाचं, आधार, पासबुक. पासबुकापाशी गाडी अडली, बाईचं खातं केवायसी नाही म्हणून बंद पडलेलं, आणि केवायसी करायला गेली तर आधारवर माहेरचं नाव. सरकारी मदतीच्या रस्त्यात शेवटचा दगड कायम हाच असतो. ते होईपर्यंत अर्ज गेला, पण पोलिसांचा रिपोर्ट येईना, तपास करणाऱ्या साहेबांची बदली झालेली. कायद्यातले दोन महिने असेच निघून गेले.

आणि तेवढ्यात दसरा उलटला, मुकादम गावात आला. दिरानं उचल घेतलेली, तो त्याची बायको आणि ही, असे दीड कोयता म्हणून निघाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस असेल तर अर्धा. नवरा होता तेव्हा ती एका कोयत्यात होती. फडावर गेल्यावर इकडं गावात नोटीस आली की सचिवांसमोर हजर राहा. कुणीतरी नोटिशीचा फोटो दिराच्या व्हॉट्सअॅपवर टाकला आणि त्यानं मला फोन केला, माझा नंबर त्यांच्या झेरॉक्सच्या मागं लिहिलेला होता. म्हणला, मुकादम सोडत नाही, आलो तर खाडा पडतो आणि गाडीभाडं वेगळं, बाईचं तिकीट हाफ असलं तरी सोबत माणूस लागतोच ना.

मी जाऊन सांगितलं. मॅडम म्हणल्या साहेबांना विचारते. आणि खरं सांगतो, मला वाटलं होतं की गैरहजर म्हणून अर्ज निकाली काढतील, पण साहेबांनी व्हिडिओ कॉलवर बोलायचं ठरवलं. दिरानं नंतर सांगितलं कसं झालं ते. ही फडात उभी, डोक्याला फडकं, मागं पाचट, आणि मोबाईल दिरानं उंच धरलेला कारण खाली रेंज येत नव्हती. साहेबांनी नाव विचारलं, नातं विचारलं, लेकरं किती, शाळेत जातात का, शेत किती. मग विचारलं की अजून काही सांगायचंय का. तर ती म्हणली, “गाडी आलीय सायब मोळ्या भरायला, लवकर घ्या.”

रक्कम मंजूर झाली पुढं. किती ते लिहीत नाही, गावात आकडा कळला की उसनं मागणारे रांग लावतात. आरोपी अजून सापडलेला नाही.

ह्याच्याशिवाय बाकीच्या योजनांची नुसती सरमिसळ असते लोकांच्या डोक्यात. बलात्कार, लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला ह्यासाठी राज्याची मनोधैर्य योजना, २०१३ मध्ये सुरू झालेली, पुढं तिचं काम पण ह्याच प्राधिकरणाकडं आलं. बाईवर गुन्हा झाला असेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१८ ची योजना आहे, जीव गेला तर ५ ते १० लाख, बलात्काराला ४ ते ७ लाख असे आकडे तिच्यात ठरवलेत. अॅट्रॉसिटीची मदत वेगळी, ती समाजकल्याणमधून, आणि ती टप्प्याटप्प्यानं मिळते, काही हप्ता निकालाच्या कितीतरी आधी. अज्ञात वाहनानं उडवलं तर ते अजून वेगळं, १ एप्रिल २०२२ पासूनची हिट अँड रन योजना, मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार, अर्ज प्रांत किंवा तहसीलकडं. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो आणि आमच्या रस्त्यावर अंधारात काय काय होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. आता एवढी दारं वेगवेगळ्या ऑफिसांत, आणि घरातला माणूस गेलेल्या घरानं तेरावा उरकून ह्यातलं आपलं दार कोणतं ते शोधायचं.

अॅट्रॉसिटीवरून आठवलं. फिर्यादीला सगळ्यात जास्त हक्क आज त्याच कायद्यात आहेत. १५-अ कलम, २६ जानेवारी २०१६ पासून. आरोपीच्या जामिनाचा अर्ज असला तरी पीडिताला अगोदर नोटीस द्यावी लागते, त्याचं ऐकावं लागतं, आणि २०२१ मध्ये हरिराम भांभी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे बंधनकारकच आहे म्हणून सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की हे सगळ्याच गंभीर गुन्ह्यांत इतकं ठळक का नाही. आरोपी जामिनावर सुटलाय हे फिर्यादीला कधी कळतं माहितीये का, बाजारात तो समोरून येतो तेव्हा. नव्या कायद्यात तपास कुठवर आला ते पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचंय, मोबाईलवर कळवलं तरी चालतं. असा मेसेज मला दाखवायला अजून कुणी आलेलं नाही, आलं की प्रिंट काढून भिंतीला लावणार आहे.

आणि चोरीचा माल परत मिळणं, त्याला तर कुणी दुःख म्हणून मोजतच नाही. गाडी चोरीला जाते, सापडते, आणि मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. तिच्या सीटमधून गवत उगवतं आणि मालक इकडं फायनान्सचे हप्ते भरतोय. सुप्रीम कोर्टानं २००२ लाच सुंदरभाई देसाई केसमध्ये सांगून ठेवलंय की असली वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते महिना, त्याच्या वर ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बाँड घ्या आणि देऊन टाका. पण त्यासाठी कोर्टात अर्ज टाकावा लागतो आणि तो टाकायचा हे सांगणारं कुणी नाही. मंगळसूत्र सापडलेल्या एका बाईनं तर मला विचारलं, “ते आता सरकारचं झालं का?”

बाहेर देशात काय करतात ते वाचत बसलो होतो मध्ये रिकामा वेळ होता तेव्हा. न्यूझीलंडनं १९६३ मध्येच कायदा करून सरकारी तिजोरीतून भरपाई सुरू केली. इंग्लंडमध्ये तर खास गुन्हापीडितांसाठी कमिशनर आहे, २००४ च्या कायद्यातून आलेलं पद. म्हणलं वा, हे पाहिजे आपल्याकडं. पुढं वाचलं तर त्या कमिशनरला एकट्यादुकट्याच्या केसमध्ये हात घालायला कायद्यानंच बंदी. तो सरकारला विचारणार, अहवाल देणार, नियमात खोट काढणार, पण तुमच्या पोराची तारीख का पुढं ढकलली ते नाही विचारणार. म्हणजे त्यांच्याकडं आवाज आहे पण एकेकाचं काम बघणारा माणूस नाही, आणि आमच्या सायकल स्टँडमागच्या खोलीत एकेका माणसाचं काम होतं, पण ह्या सगळ्यांच्या वतीनं वर जाऊन ठणकावून बोलणारं कुणी नाही. मला निवडायला लावलं तर मी ती खोलीच घेईन. फक्त तिच्यात फिर्यादीसाठी एक पूर्णवेळ माणूस बसवा, वकील नसला तरी चालेल. तारीख काय पडली, जामीन झाला का, अर्ज कुठं अडकला एवढं फोनवर सांगणारा.

आणि ते होईपर्यंत एक साधी गोष्ट करता येईल असं मला वाटत होतं. एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट द्यावीच लागते, ती देताना तिच्यावर खाली एक रबरी शिक्का मारायचा, ‘मोफत वकील व नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाईन १५१००’. बास. एक फौजदार साहेब दुकानात चार्जशीटच्या कॉप्या काढायला आले होते, ओळखीचे, त्यांना सांगितलं. ते म्हणले आयडिया चांगलीय, पण शिक्क्याचं बिल कोण पास करणार. मी म्हणलं शिक्के मीच बनवतो साहेब, फुकट देतो, सगळ्या ठाण्यांना देतो. त्यांनी कॉप्या मोजल्या, दोन पानं उलटी लागलेली होती ती सरळ करून घेतली आणि म्हणले, तसं नाही चालत, वरून पत्र आणा. वर म्हणजे कुठून, ते काही त्यांना सांगता आलं नाही.